दुष्काळाच्या यादीत नसलेली स्त्री

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याची छायाचित्रे दुसऱ्याच दिवशी येथे अमेरिकेत आमच्या घरोघरी येऊन पोहोचली. ज्या सिंदफणेच्या कोरड्या पात्रात लहानपणी झरे उकरून आम्ही पाणी भरले, तीच सिंदफणा शेताशिवारांवरून वाहत होती. संस्थेच्या सभासदांनी आठ दिवसांत मदतनिधी जमविला. परकीय देणगी स्वीकारण्याची परवानगी असलेल्या एका संस्थेमार्फत तो बीड जिल्ह्यातील एका गावी पाठवावयाचे ठरले आणि गावातून आपद्ग्रस्तांची यादी मागविण्यात आली. यादी तत्परतेने आली. सुवाच्य अक्षर, गट क्रमांक, कोणाचे किती एकर सोयाबीन गेले, कोणाचा किती कापूस गेला, सर्व तपशील यथास्थित. आम्ही ती वाचली, समाधान पावलो आणि यादीबरहुकूम रक्कम वाटावी असे कळवून मोकळे झालो.

महिन्याभराने आमच्यापैकी एकाच्या मातोश्री फोनवर बोलता बोलता म्हणाल्या, ‘पैसे आले म्हणत्यात गावात. आपल्या वस्तीत तर कुणालाच न्हाईत.’ तेव्हा ती यादी पुन्हा काढून पाहिली. दोन विधवा वगळता तिच्यात एकाही स्त्रीचे नाव नव्हते. बौद्धवस्ती तर त्या यादीत नव्हतीच. यादी करणाऱ्याने लबाडी केली असे आम्हांस वाटत नाही. त्याने सरकारी पंचनाम्याचा कागद पुढ्यात ठेवला आणि त्याची नक्कल केली, एवढेच. लबाडी नसताना अन्याय कसा घडतो, याचा तो नमुना होता आणि त्यावर शेवटची सही आमची होती. प्रस्तुत लेख त्या सहीची भरपाई म्हणून लिहीत आहोत, असे समजण्यास हरकत नाही.

पंचनामा म्हणजे काय, हे आमच्या पिढीस सांगावयास नको. परंतु येथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो. पीक बुडाले की तलाठी येतो, सातबारा पाहतो, किती क्षेत्र बाधित झाले ते लिहितो आणि भरपाई हेक्टरी हिशेबाने ठरते. ज्याच्या नावे सातबारा, त्याच्या नावे नुकसान. आता कापूस वेचणारी बाई घ्या. तिला किलोमागे मजुरी मिळते. बोंडे काळी पडली, शेतात गुडघाभर चिखल झाला, तर मालकाचे पीक गेले आणि तिची वेचणी गेली. मालकाला भरपाई अपुरी मिळेल, उशिरा मिळेल, पण त्याच्या नुकसानीला कागदावर जागा तरी आहे. तिच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणता तलाठी करतो? शासनाच्या लेखी तिचे काहीच बुडालेले नाही, कारण तिचे काही होते अशी नोंदच कोठे नाही.

येथे कोणी म्हणेल की अतिवृष्टी आणि दुष्काळ हे मराठवाड्यास नवे नाहीत. यात हवामानबदलाचा संबंध काय? संबंध आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, १९५० ते २०१५ या कालावधीत मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आणि याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र वाढलेला नाही. याचा शेतातील अर्थ असा की पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि उरलेले दिवस उघडीप देतो. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींत पाणी भरून न्यावे लागले. २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच मराठवाड्यातील जमीन पुराने खरडून निघाली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान त्या वर्षी सुमारे दीड अंशाने अधिक होते. आभाळाचा स्वभाव पालटतो आहे, हे आता वादातीत आहे. वाद आहे तो या पालटाचा भार कोणावर किती पडतो, याबद्दल.

या बाबतीत आम्हांस बांगलादेशाचे स्मरण होते. २९ एप्रिल १९९१ रोजी चितगावच्या किनाऱ्यावर जे चक्रीवादळ आदळले, त्यात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मरण पावली आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या पुष्कळ अधिक होती. ते वादळ हवामानबदलामुळेच आले असा आमचा दावा नाही. परंतु लाटेला स्त्रीपुरुषभेद ठाऊक नसतो. तो भेद समाजाने आधीच करून ठेवलेला असतो. पोहणे मुलींना कोणी शिकविले नव्हते. पोराबाळांना आणि म्हाताऱ्यांना टाकून बाईला पळता येत नव्हते. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत शिरणे अब्रूचे नव्हते आणि घरधन्याने सांगितल्याखेरीज घर सोडण्याची मुभा नव्हती. पुढे त्या देशाने निवारे वाढविले, सूचना गावोगाव पोहोचविण्यासाठी स्वयंसेवकांत स्त्रिया घेतल्या, आणि तितक्याच भयंकर वादळांतही मृतांची संख्या कित्येक पटींनी घटली. वारा तोच होता. व्यवस्था बदलली.

मराठवाड्यातील व्यवस्थेचे नाव ‘कोयता’ आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आईवडील, चुलते, मावश्या साखर कारखान्यांच्या फडांवर गेलेले आहेत. शिकून साता समुद्रांपार आलेली माणसे ही गोष्ट चारचौघांत सहसा काढीत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो. उचल एका कोयत्याला मिळते आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा माणूस गेला तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे व्यवहाराच्या भाषेतच स्त्री हे स्वतंत्र माणूस नाही. ती एका हत्याराचा निम्मा भाग आहे. नवरा ऊस तोडतो, तीही तोडते. मोळ्या ती बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर ती चढविते. रात्री अपरात्री गाडी आली की उठून भरते, आणि पहाटे सर्वांच्या आधी कोपीत चूल पेटविते. हिशेब मात्र मुकादम आणि नवरा यांच्यात होतो. तिच्या हातात पडतात ते वाढे विकून आलेले चार पैसे, तेही कधीमधी. ऊसतोडीला सर्वच जातींची गरीब माणसे जातात, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वंजारी आहेत, बंजारा आहेत, कोरडवाहू मराठा शेतकरी आहेत, मातंग आणि बौद्धही आहेत. ज्याच्या विहिरीला पाणी नाही, तो जातो. पाऊस चुकला की उचल वाढते, उचल वाढली की ती फेडण्यास एक हंगाम पुरत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत नाव जाते. हवामानशास्त्रज्ञ ज्यास पर्जन्यमानातील अनिश्चितता म्हणतात, ती गावात कर्जाच्या रूपाने उतरते.

आणि कर्ज कोठे उतरते? आम्ही हे लिहिताना संकोच बाळगू इच्छित नाही. काम चुकले की त्यास ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचा दंड कापला जातो. दर महिन्याचे चार दिवस, गरोदरपण, बाळंतपण, अंगावरून जाणे, पोटात दुखणे, या सर्वांचे व्यवहारात एकच नाव, खाडा. फडावर न्हाणीघर नाही, शौचकूप नाही, स्वच्छ पाणी नाही. जंतुसंसर्ग झाला की बाई गावाकडच्या खाजगी दवाखान्यात जाते. तेथे तिला सांगितले जाते की पिशवी काढून टाक, नाहीतर कर्करोग होईल. ती काढते, काही वेळा त्यासाठीही उचलच घेते. २०१९ साली हे प्रकरण वृत्तपत्रांतून उघडकीस आले तेव्हा विधिमंडळात चर्चा झाली आणि विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या चौकशीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा बायकांमागे एक! यांतील कित्येकींचे वय चाळिशीच्याही आतले. या आकड्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती. दुष्काळाचे चित्र म्हणून आपण भेगाळलेली जमीन छापतो. या स्त्रियांच्या अंगावरील टाक्यांचे चित्र कोणी छापत नाही.

आणि हे ज्या पिकासाठी घडते, ते पीक कोणते? ऊस. राज्यातील लागवडीच्या क्षेत्रात त्याचा वाटा लहान, परंतु सिंचनाच्या पाण्यातील वाटा फार मोठा. म्हणजे ज्या कोरडवाहू गावाला पाणी मिळाले नाही म्हणून तेथील बाई गाव सोडते, ती दुसऱ्या प्रदेशात जाऊन ते पाणी प्यालेला ऊसच तोडते.

याच्या तुलनेत १९७२ चा दुष्काळ आठवून पाहावा. तो भयंकर होता, अन्नच नव्हते. सुकडी खाऊन आणि मिलो ज्वारीच्या भाकरी थापून माणसे जगली. परंतु त्या दुष्काळी कामांवर आमच्या आया खडी फोडावयास गेल्या तेव्हा हजेरीपटावर त्यांचे नाव निराळे लिहिले जाई. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली महाराष्ट्राने केला. कामाचा हक्क मागणाऱ्या त्या कामांवर स्त्रियांची संख्या फार मोठी होती आणि मजुरीच्या दरात स्त्रीपुरुष भेद नसावा हे तत्त्व तेथे मान्य झाले होते. अंमलबजावणीतील भ्रष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. हजेरीपटावर मेलेली माणसेही कामाला येत असत! तरीही त्या कागदावर ती बाई एक पूर्ण मजूर होती. निसर्गाच्या कोपात राज्यसंस्थेने स्त्रीला नावानिशी ओळखले, अशी उदाहरणे आमच्या राज्याने फार दिलेली नाहीत. हे एक होते.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकास पाठिंबा देताना जी भूमिका मांडली, ती या संदर्भात आम्हांस महत्त्वाची वाटते. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने त्या खर्चाचा काही भार सोसला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढील वर्षी तो कायदा झाला. पण तो होता कारखान्यातील स्त्रीपुरता. साखर कारखाना ऊसतोड बाईस आपली कामगार मानीतच नाही. ती मुकादमाची, आणि मुकादम म्हणतो ती तिच्या नवऱ्याची. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही ती फडावर बाळंत होते आणि थोड्याच दिवसांत ऊस बांधावयास उभी राहते. चवदार तळ्याची स्मृती आपण दर वर्षी २० मार्चला जागवितो. त्या तळ्याच्या पाण्याचा हक्क उच्च न्यायालयात १९३७ साली सिद्ध झाला, तो सार्वजनिक पाण्यावर आमचा वाटा आहे या भूमिकेतून. मराठवाड्यातील स्त्रीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. तिला दया नको, तिची नोंद व्हावयास हवी.

नोंदीचा हा प्रश्न जमिनीशीही भिडतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. कडेवर मूल घेऊन गेलेल्या बायांच्या आठवणी आमच्या घरांतून अद्यापि सांगितल्या जातात. मराठवाड्यात गायरान जमिनी कसणाऱ्या दलित कुटुंबांच्या हक्कासाठी एकनाथ आवाड यांनी आयुष्य वेचले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. प्रत्यक्षात सातबारा किती जणांच्या हाती आला, हे गावागावांत विचारून पाहावे. अशा गायरानावर ना विहीर, ना बांध. पावसाचा खंड पडला की तेथील बाजरी सर्वांत आधी करपते. आणि जेथे सातबारा मिळाला, तेथेही तो बहुधा पुरुषाच्याच नावे मिळाला. लढ्यात ती पुढे होती, उताऱ्यावर ती नाही. या बाबतीत दोष सरकारवर ढकलून आपणांस सुटता येणार नाही. आपल्या किती घरांतील घरजागा आईच्या वा बहिणीच्या नावे आहे? हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदाचा त्याग करणाऱ्या महापुरुषाचे आपण अनुयायी म्हणवितो.

संस्थेच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले की पर्यावरण हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे, आपला मूळ प्रश्न जातीचा, मग आपण यात का पडावे? त्यांचा रोष आम्ही समजू शकतो. आमच्या मुलांच्या शाळेत हवामानबदल शिकवितात तो हिमअस्वलांच्या चित्रांतून. त्यात आजीचा हंडा कोठेच नसतो. परंतु ज्या वस्तीला टँकर शेवटी पोहोचतो, ज्या वस्तीची घरे ओढ्याच्या काठी बसविलेली असतात, त्या वस्तीला पर्यावरण आणि जात हे दोन निराळे विषय म्हणून कधी भेटलेलेच नाहीत. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे डोक्यावर पंधरा किलो. विहीर आटली की अंतर वाढते, वजन तेच राहते, आणि ते वजन घरातील मुलीच्या डोक्यावर गेले की तिची शाळा सुटते. येथपर्यंत जे पोहोचलो ते आम्ही बहुतेक मुलगे. आमच्या बहिणी का पोहोचल्या नाहीत, याचे एक उत्तर त्या हंड्यात आहे.

याहून अवघड प्रश्न आमच्या स्वतःच्या संबंधी आहे. अमेरिकेतील माणूस वर्षाला सरासरी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन करतो, भारतातील सुमारे २ टन; आणि ऊसतोड बाईचा वाटा त्या सरासरीच्याही किती खाली असेल, याची कल्पना कोणीही करावी. दोन मोटारी, बारमाही वातानुकूलन, दर दोन वर्षांनी चौघांची विमानवारी, हे सर्व आम्हांस कष्टाने लाभलेले आहे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घ्यावे असा उपदेश आम्ही करणार नाही. परंतु हिशेब हिशेबच असतो. गावकुसाबाहेरून आम्ही निघालो ते थेट खातेवहीच्या दुसऱ्या बाजूस येऊन बसलो. ज्या देशाचे आम्ही नागरिक झालो आहोत त्या देशाने २०२३ साली दुबईच्या परिषदेत, हवामानामुळे होरपळणाऱ्या गरीब देशांच्या हानिपूर्ती निधीस १ कोटी ७५ लाख डॉलर देऊ केले. एवढ्या श्रीमंत राष्ट्राच्या मानाने ती चिल्लरच. मार्च २०२५ मध्ये तर त्या निधीच्या मंडळातूनही अमेरिकेने अंग काढून घेतले. येथे आम्ही मतदार आहोत. उमेदवार दिवाळीच्या कार्यक्रमास आला की त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी जी धडपड होते, तिच्यातील थोडी धडपड हा प्रश्न विचारण्यासाठीही करता येईल.

स्त्रीला नावानिशी धरून काही करता येते का? येते. आमच्या सीमेलगत, तेलंगणातील झहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील दलित स्त्रिया कित्येक वर्षांपासून पडीक जमिनी लागवडीस आणून ज्वारी, बाजरी, राळे, तूर अशी मिश्र पिके पाटाच्या पाण्यावाचून घेतात. बी स्वतः राखतात. एक पीक गेले तरी दुसरे घरात येते. २००८ पासून त्यांचे स्वतःचे नभोवाणी केंद्रही आहे, आणि २०१९ साली त्यांच्या कार्यास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा विषुववृत्त पुरस्कार मिळाला. लातूर-धाराशिव भागात १९९३ च्या भूकंपानंतर काम सुरू केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने बायांना घरच्या जमिनीतून एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसण्यासाठी मागून घ्यावयास शिकविले. नगदी पिकाऐवजी त्यांनी तेथे धान्य, डाळी, भाजी लावली, आणि दुष्काळी वर्षांत त्या एका एकराने घर तारले. भूमिहीन बाईला मात्र एक एकर मागावयाचा कोणाकडे? तिच्यासाठी अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेचा प्रयोग अधिक विचार करावयास लावणारा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातील सुमारे ५० हजार कष्टकरी स्त्रियांसाठी तिने उष्म्याचा विमा उतरविला. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की बुडालेल्या मजुरीपोटी थोडी रक्कम थेट त्या बाईच्या खात्यात जमा होते. रक्कम अल्प आहे, यात शंका नाही. पण तेथे तलाठी नाही, सातबारा नाही, आणि नवऱ्याची सहीही नाही.

आमचे म्हणणे एवढेच की संस्थेच्या निधीने यापुढे हाच मार्ग धरावा. विहाराच्या कमानीसाठी आलेले दोन अर्ज कार्यकारिणीपुढे आहेत. ते एक वर्ष थांबले तर धम्माची हानी होणार नाही. गावची यादी गावाने करू नये, वस्तीतील स्त्रियांनी विहारात एकत्र बसून करावी, आणि जमीन किती हा रकाना त्या यादीत नसावाच. किती दिवसांची मजुरी बुडाली, उचल किती अंगावर आहे, शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे कर्ज फिटले काय, हे रकाने असावेत.

तशी दुसरी यादी आम्ही मागविली आहे. वहीची चार पाने, पेन्सिलीने लिहिलेली, शाळेत जाणाऱ्या एका मुलीच्या अक्षरात, फोनवरून आमच्याकडे आली. पुष्कळ नावांपुढे बँक खात्याचा रकाना रिकामा आहे. काहींच्या पुढे खाते आहे, पण ते नवऱ्याबरोबर संयुक्त आहे. आम्ही हे लिहीत असताना त्यांतील निम्म्याहून अधिक जणी फडावर आहेत. टोळ्या परत येण्यास मार्च अखेर उजाडेल, त्यानंतर त्यांची खाती उघडावी लागतील. तोपर्यंत दुसऱ्या हप्त्याची रक्कम संस्थेकडे पडून आहे. काही सभासदांनी ती अन्य कार्यास वळवावी असे सुचविले आहे. आमचा त्यास विरोध आहे, आणि तो कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा अशी आमची विनंती आहे.